भीती अधिकृत दुकानातूनच घ्यावी

मुलांना घाबरवणं हे जबाबदारीचं काम आहे. ते कोणा सोम्यागोम्याच्या हाती सोपवून चालत नाही. त्यासाठी घरात आई आहे, आजी आहे, शाळेत सर आहेत, कोपऱ्यावर हवालदार आहे. जेवला नाहीस तर बागुलबुवा नेईल, भर दुपारी पिंपळाखाली गेलास तर मुंजा धरेल, अभ्यास केला नाहीस तर पुढे काय होईल ते तूच बघ: ही सेवा आम्ही मोठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या विनामूल्य देत आलो आहोत. असं असताना एखादं दहा वर्षांचं पोर खाऊच्या पैशांतून भुताची कादंबरी विकत आणतं, पांघरुणात टॉर्च लावून वाचतं आणि सकाळी वर म्हणतं, की मजा आली. अशा वेळी सुजाण पालकाने हादरायलाच हवं. सुदैवाने सुजाण पालक हादरतात. गेल्या पाऊणशे वर्षांत त्यांनी या बाबतीत जी कामगिरी केली आहे तिचं पुरेसं कौतुक झालेलं नाही. ते करावं, एवढाच आमचा हेतू.

भीती मुळातच वाईट, असा मात्र कोणी गैरसमज करून घेऊ नये. योग्य हातांतून मिळाली तर ती औषधच आहे. १८४४ साली फ्रांकफुर्टच्या हाइनरिश हॉफमान या डॉक्टरांना आपल्या तीन वर्षांच्या मुलाला नाताळात द्यायला मनासारखं पुस्तक मिळेना. तेव्हा त्यांनी स्वतःच लिहिलं आणि चित्रंही स्वतःच काढली. त्यात अंगठा चोखणाऱ्या मुलाचे दोन्ही अंगठे एक शिंपी धावत येऊन भल्यामोठ्या कात्रीने कापून टाकतो. काड्यापेटीशी खेळणारी मुलगी जळून राख होते आणि तिच्या दोन मांजरी रडत बसतात. सूप नको म्हणणारा कास्पर पाचव्या दिवशी मरतो, त्याच्या थडग्यावर सुपाचं भांडं दाखवलं आहे. वय वर्षं तीन, हे पुन्हा एकदा लक्षात घ्यावं. ‘श्ट्रुव्वेलपेटर’ या नावाने ओळखलं जाणारं हे पुस्तक जर्मन घरांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचलं गेलं, मार्क ट्वेनने त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. डॉक्टरसाहेब पुढे मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले. दोन गोष्टींचा उगाच संबंध जोडू नये.

आपल्याकडेही राजा खांद्यावर प्रेत टाकून रात्री स्मशानातून चालला आहे, हातात नंगी तलवार आहे आणि प्रेत बोलतं आहे, हे चित्र ‘चांदोबा’त महिन्यामागून महिने येत असे आणि वडीलमंडळी हौसेने वर्गणी भरत. का भरू नये? प्रेत शेवटी नीतीचा प्रश्न विचारत असे, आणि उत्तर येत असूनही गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील असा दम देत असे. म्हणजे जवळजवळ शिक्षकच.

थोडक्यात, अंगठे कापले जावेत, पण त्यातून काहीतरी शिकायला मिळावं. गोष्ट संपल्यावर कोणालाच शिक्षा झाली नाही, कोणी काही शिकलं नाही, आणि तरीही वाचणाऱ्याला आनंद झाला, तर ती भीती बिनपरवाना समजावी.

या बिनपरवाना भीतीचा सर्वांत गाजलेला खटला ग्लासगोचा. २३ सप्टेंबर १९५४ च्या संध्याकाळी अ‍ॅलेक्स डीप्रोज नावाच्या पोलीस शिपायाला गॉर्बल्स भागातल्या सदर्न नेक्रोपोलिस या दफनभूमीत बोलावणं आलं. तो जाऊन पाहतो तर थडग्यांच्या रांगांमधून शेकड्यांनी मुलं हिंडताहेत. धाकटी चार वर्षांची, थोरली चौदाची. कोणाच्या हातात सुरी, कोणाच्या हातात टोक काढलेली काठी. काहींनी कुत्रीही आणली होती. चौकशीअंती असं कळलं, की सात फूट उंचीचं, लोखंडी दातांचं एक पिशाच दोन मुलांना खाऊन इथे दडून बसलं आहे आणि ही मंडळी त्याचा निकाल लावायला आली आहेत. दफनभूमीला लागूनच डिक्सन्स ब्लेझेस हा लोखंड गाळण्याचा कारखाना. भट्ट्यांचा तांबडा उजेड आणि धूर थडग्यांवर येई, त्यामुळे प्रकाशयोजनेचीही उणीव नव्हती.

खाल्लेली ती दोन मुलं कोण, हे कोणालाच सांगता येईना. शहरात एकही मूल बेपत्ता नव्हतं. शेवटी जवळच्या शाळेचे मुख्याध्यापक आले आणि हा सगळा खुळचटपणा आहे असं त्यांनी समजावून सांगितलं. मग पाऊसही आला. मुलं घरी गेली. श्रेय मुख्याध्यापकांचं की पावसाचं, यावर वाद घालण्यात अर्थ नाही, कारण पुढच्या दोन रात्री मुलं परत आली.

आता या घटनेकडे दोन प्रकारे पाहता येतं. एखादा उथळ माणूस म्हणेल, की भागात नरभक्षक आल्याचं कळताच चार वर्षांचं पोर पलंगाखाली न लपता काठीला टोक काढून निघतं, म्हणजे त्याचं बरं चाललं आहे. पण विचारी माणसाला यातली खरी चिंतेची बाब दिसल्याशिवाय राहणार नाही. त्या शेकडो मुलांपैकी एकालाही मोठ्या माणसांची मदत मागावीशी वाटली नाही. असा अनादर मुलांच्या अंगात कुठून आला, याचा छडा लावणं भागच होतं.

तो लगेच लागला. अमेरिकन भयकॉमिक्स. वर्तमानपत्रांनी लिहिलं, स्थानिक खासदार अ‍ॅलिस कलेन यांनी प्रश्न पार्लमेंटपर्यंत नेला. पुढे काही चिकित्सक लोकांनी लोखंडी दातांचा माग काढायचा उद्योग केला. त्यांना असं आढळलं, की बायबलात दानिएलाच्या सातव्या अध्यायात लोखंडी दातांचा एक महाभयंकर प्राणी आहे, आणि बायबल तर मुलांना शिकवलंच जात होतं. शिवाय अलेक्झांडर अँडरसन या स्कॉटिश कवीची लोखंडी दातांच्या जेनीवरची कविता शाळांतून शिकवली जात होती. कवितेचा विषय, झोपत नसलेल्या बाळाला आई त्या जेनीची धमकी देते. आरोपपक्षावर अन्याय नको म्हणून हेही सांगतो, की १९५३ च्या ‘डार्क मिस्टरीज’ या कॉमिकच्या एका अंकात लोखंडी दातांचं पिशाच खरोखरच होतं. म्हणजे संशयित तिघं झाले. त्यांतले दोघे सक्तीचे होते आणि तिसऱ्यासाठी मुलं पदरचे पैसे घालत होती. शिक्षा कोणाला व्हावी, हे सांगायला न्यायाधीशाची गरज नाही.

१९५५ साली ब्रिटनमध्ये मुलांना हानिकारक प्रकाशनांविरुद्धचा कायदा झाला. त्यामागे जी एकजूट उभी राहिली ती पाहून ऊर भरून येतो. चर्च होतं, शिक्षकांची संघटना होती आणि कम्युनिस्ट पक्षही होता. चर्चला मुलांच्या आत्म्याची काळजी, कम्युनिस्टांना अमेरिकेची चीड. महायुद्धानंतर या दोन पक्षांना एका बाजूला बसवणं भल्याभल्या मुत्सद्द्यांना जमत नव्हतं, ते काही स्वस्तातल्या मुडद्यांनी करून दाखवलं. कायद्यात तुरुंगवासाची तरतूद झाली आणि तो आजही जिवंत आहे. मात्र तो मुख्यतः चित्रांतून सांगितलेल्या गोष्टींनाच लागू केला. शब्दांत लिहिलेलं पिशाच मोकळं सुटलं. जो मुलगा दीडशे पानं सलग वाचतो तो तसाही हाताबाहेर गेलेला असतो, असा विचार कायदा करणाऱ्यांनी केला असावा.

अमेरिकेने स्वतःच्या मालाचा बंदोबस्त त्याच्या आदल्याच वर्षी, १९५४ मध्ये, केला. डॉ. फ्रेडरिक वर्थम हे मानसोपचारतज्ज्ञ. ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ या पुस्तकात त्यांनी वाया गेलेल्या मुलांची साक्ष काढून दाखवून दिलं, की ती सगळी कॉमिक्स वाचत होती. त्या काळी न वाया गेलेली मुलंही कॉमिक्स वाचत होती, पण ती डॉक्टरांकडे कशाला येतील? कॅरल टिली या संशोधिकेने त्यांची मूळ कागदपत्रं तपासून २०१२ मध्ये असं दाखवलं, की मुलांच्या तोंडची बरीचशी विधानं डॉक्टरांनी बदलली किंवा एकत्र केली होती. यात इतकं दचकण्यासारखं काय आहे, कळत नाही. मुलांचं बोलणं सुधारणं हे मोठ्यांचं कामच आहे.

त्यानंतर प्रकाशकांनी आपणहून ‘कॉमिक्स कोड’ स्वीकारला. अंकाच्या नावात ‘हॉरर’ नको, ‘टेरर’ नको. चालती प्रेतं, रक्तपिपासू पिशाचं, लांडगामानव, नरभक्षण, सगळं बंद. पोलीस, न्यायाधीश आणि सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असंही काही नको. लांडगामानव आणि सरकारी अधिकारी यांना एकाच नियमावलीत आणणाऱ्यांची दृष्टी किती व्यापक असेल! अंमलबजावणीही चोख. १९७० च्या सुमारास एका भयकॉमिकमध्ये ही कथा एका भटक्या ‘वुल्फमॅन’ने सांगितली असा उल्लेख आला, तेव्हा तपासनिसांनी तो लांडगामानव म्हणून अडवला. प्रकाशकांनी खुलासा केला, की ते लेखकाचं आडनाव आहे. मार्व्ह वुल्फमन नावाचा एक सभ्य गृहस्थ खरोखरच कथा लिहीत होता. तपासनीस समजूतदार. असं असेल तर लेखकाचं नाव रीतसर छापा, म्हणाले. ज्या काळात कॉमिक्सच्या लेखकांची नावं क्वचितच छापली जात, त्या काळात केवळ संशयास्पद आडनावामुळे एका लेखकाला श्रेय मिळालं.

१९७१ मध्ये नियम सैल झाले. रक्तपिपासू आणि लांडगामानव चालतील, पण ड्रॅक्युला किंवा फ्रँकेनस्टाइनसारख्या, जगभरच्या शाळांत वाचल्या जाणाऱ्या, थोर साहित्याच्या परंपरेतले असतील तरच. शाळेतून शिफारसपत्र आणलेलं पिशाच आणि बिनशिफारशीचं पिशाच असा हा भेद आहे. बिचाऱ्या झोंबीच्या मागे थोर कादंबरी नव्हती. तो बाहेरच राहिला. मार्व्हल कंपनीने मग आपल्या झोंबींना ‘झुव्हेंबी’ म्हणायला सुरुवात केली. त्याला कोणाचीच हरकत नव्हती.

या सगळ्याचं फळ काय मिळालं, ते आता सांगतो. मागे, १९५४ च्या सुमारास, ओहायो राज्यातल्या कोलंबसजवळ एक मुलगा वाढत होता. भयकॉमिक्स घरात आणायची नाहीत, अशी त्याच्या आईची सक्त ताकीद. पण न्हाव्याच्या दुकानात ती ढिगाने पडलेली असत. पोराने दर शनिवारी केस कापायला जायला सुरुवात केली. लहानपणी आपल्या डोक्यावर आताहूनही कमी केस होते, असं तो पुढे सांगत आला आहे. ती कॉमिक्स घरीच मिळाली असती तर तो कंटाळून क्रिकेट, म्हणजे त्यांच्याकडचं बेसबॉल, खेळायला गेला असता. पण आईने मना केल्यामुळे पोराच्या मनात ती घर करून राहिली. मुलाचं नाव आर. एल. स्टाइन. जुलै १९९२ मध्ये त्याची ‘गूजबम्प्स’ मालिका सुरू झाली. १९९७ पर्यंत पहिल्या मालिकेची ६२ पुस्तकं निघाली आणि आज सगळ्या मिळून खपाचा आकडा ४० कोटी प्रतींच्या वर आहे. त्या माउलीचं स्मारक कुठे आहे का? असायला हवं.

स्टाइन मूळचा विनोदी लेखक. ‘जोव्हियल बॉब’ या नावाने त्याने मुलांसाठी विनोदाची पुस्तकं लिहिली, ‘बनानाज’ नावाचं विनोदी मासिक चालवलं. ‘गूजबम्प्स’ही त्याच जातीची. प्रकरणाच्या शेवटी खांद्यावर थंडगार हात पडतो, पान उलटलं की तो धाकट्या भावाचा निघतो. मग पुन्हा हात पडतो, पुन्हा भाऊ. पाचव्या वेळी भाऊ नसतो, तोवर वाचणारा बेसावध झालेला असतो. पण या पुस्तकांतली खरी आक्षेपार्ह गोष्ट भूत नाहीच. आईवडील आहेत. मुलगी सांगते तळघरात काहीतरी आहे, आई म्हणते आधी जेवून घे. मुलगा म्हणतो बाबा बदललेत, बाबा म्हणतात खोलीत जा. साठाहून अधिक पुस्तकांत आईवडिलांना वेळेवर काही कळलं असं फारसं घडत नाही. यावर आक्षेप घेणाऱ्यांनी भुताचंच नाव पुढे केलं, हा त्यांचा विनय.

आक्षेप पुष्कळ आले. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने १९९० ते १९९९ या दशकात ज्या पुस्तकांवर सर्वाधिक आक्षेप आले त्यांची यादी केली, तीत ‘गूजबम्प्स’ पंधरावी. मिनेसोटातल्या अनोका भागातल्या शाळांत १९९७ मध्ये तक्रार झाली, की बारा वर्षांखालच्या मुलांना ही भीती झेपणार नाही. पुस्तकं आठ ते बारा वयोगटासाठीच लिहिलेली आहेत, असं कोणी म्हणेल. पण तक्रारीतलं शहाणपण वरवर पाहून कळणार नाही. बारा पूर्ण झाल्याच्या दिवशी ‘गूजबम्प्स’ हातात ठेवलं, तर मुलगा ते धाकट्या भावाचं पुस्तक म्हणून बाजूला सारेल आणि प्रश्न कायमचा मिटेल. पुस्तकं तिथे शाळेतच राहिली, हे त्या शाळांचं दुर्दैव.

आपल्या पुण्या-मुंबईच्या पालकांनी मात्र या बाबतीत जास्त परिपक्वता दाखवली. शाळेत पुस्तकांचं प्रदर्शन लागलं, मुलाने ओघळत्या अक्षरांचं ‘गूजबम्प्स’ उचललं, की ते मुकाट्याने पैसे काढतात. इंग्रजीत घाबरलं तर शब्दसंग्रह वाढतो. तेच पोर उद्या नारायण धारपांची कादंबरी घेऊन कोपऱ्यात बसलं, तर रात्री झोप लागणार नाही, डोळे खराब होतील आणि परीक्षाही जवळ आलेली असते.

ग्रंथालय संघटनेच्या त्या यादीत पहिला नंबर आल्व्हिन श्वार्ट्झ यांच्या ‘स्केरी स्टोरीज टु टेल इन द डार्क’ या मालिकेचा होता. १९८१, १९८४ आणि १९९१ अशी तीन पुस्तकं. श्वार्ट्झ यांनी या कथा मनाने रचल्या नव्हत्या, लोककथा धुंडाळून जमवल्या होत्या. मागे टिपा, कोणती कथा कुठे सापडली याचे दाखले, संदर्भग्रंथांची यादी. पीएचडीच्या प्रबंधाला शोभावं असं हे पुस्तक दहा वर्षांच्या मुलांनी फाटेपर्यंत वाचलं. टिपा त्यांनी वाचल्या नसतील, हे आपण समजू शकतो. स्टीफन गॅमेल यांची चित्रं मात्र पाहिली: कोळशाने ओढल्यासारखे, विरघळत चाललेले चेहरे, डोळ्यांच्या जागी पोकळ खोबण्या.

२०११ च्या सुमारास नवी आवृत्ती काढताना प्रकाशकांना सुबुद्धी झाली आणि त्यांनी गॅमेल यांच्या जागी ब्रेट हेलक्विस्ट यांची सौम्य चित्रं घातली. त्यावर गदारोळ झाला, आणि तोही मुलांनी केला नाही. लहानपणी या चित्रांमुळे दिवा लावून झोपलेली आणि आता स्वतः आईबाप झालेली माणसं खवळून उठली. आमच्या मुलांना आमचीच भीती हवी, ही सौम्य आम्हाला चालणार नाही, असा सूर. २०१७ मध्ये जुनी चित्रं परत आली. बिनपरवाना भीतीचे ग्राहक मोठे होऊन घराण्याचा वारसा म्हणून तीच पुढे देऊ लागले, यावरून जुन्या तक्रारदारांची दूरदृष्टी दिसते. धोका पिढीजात आहे, हे ते सांगतच होते.

एक प्रश्न उरतो. पुस्तक मुलांना झेपेल की नाही, हे तपासायचं कसं? याचा एक प्रयोग झाला आहे. नील गेमन यांची ‘कोरॅलाइन’ ही कादंबरी २००२ मध्ये आली. तिच्यात भिंतीपलीकडच्या घरात एक ‘दुसरी आई’ राहते, तिच्या डोळ्यांच्या जागी बटणं आहेत आणि मुलीच्याही डोळ्यांवर बटणं शिवायला ती उत्सुक आहे. हस्तलिखित वाचून गेमन यांच्या एजंटबाई म्हणाल्या, की हे मुलांसाठी फारच भीतिदायक आहे. गेमन म्हणाले, घरी मुलींना वाचून दाखवा आणि बघा. बाईंनी वाचून दाखवलं. मुली शांतपणे ऐकत होत्या, कोणी घाबरलं नाही. पुस्तक मुलांसाठी म्हणून निघालं. त्यांतली एक मुलगी पुढे मोठी झाल्यावर गेमन यांना भेटली, तेव्हा खरं काय ते कळलं. ती भयंकर घाबरली होती. पण तसं म्हटलं असतं तर आईने पुस्तक मिटलं असतं आणि पुढे काय झालं ते कळलं नसतं, म्हणून ती चेहऱ्यावर काही न दाखवता बसून राहिली.

म्हणजे साक्षीदारानेच साक्ष फिरवली. ज्यांना पुढचं पान हवं आहे त्यांच्याकडून प्रामाणिक उत्तराची अपेक्षाच करता येत नाही. तेव्हा आमची अशी सूचना आहे, की यापुढे मुलांसाठीच्या भयकादंबऱ्या तपासायला मुलांना मुळीच बोलावू नये. आम्हाला बोलवावं. आम्ही खरोखर घाबरतो, अर्ध्यातच पुस्तक मिटतो आणि त्याच संध्याकाळी तसं लेखी कळवतो.